तराजूकाकांच्या गाडीतला वास

गाडीत जळका वास येतो, हे मान्य करायला तराजूकाकांना पाच दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यांनी तो वास पुढच्या ट्रकच्या नावावर टाकला. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला कचरा पेटवणाऱ्यांच्या. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी एकंदर समाजाच्या. पाचव्या दिवशी रस्ता मोकळा होता, कचरा कुणी पेटवला नव्हता आणि समाज दुपारची झोप काढत होता. तरी वास बाजारापासून घरापर्यंत सोबत आला, बिल्डिंगच्या गेटातून आत शिरला आणि गाडी उभी केल्यावरही दहा मिनिटं हटला नाही. रबर, जुनी चादर आणि इस्त्रीखाली विसरलेला शर्ट एकत्र जळावेत, तसा वास होता.

तराजूकाका हे नाव बिल्डिंगने दिलेलं. वजनमाप खात्यात ते चौतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानदाराने वजनाच्या पोटातून खरवडलेलं शिसं, दूधवाल्याने मापाच्या आत ठोकलेला दुसरा तळ, पेट्रोल पंपाचा लाजत लाजत पुढे पळणारा आकडा, हे शोधण्यात त्यांची हयात गेली. माणूस समोर आला की तो कुठे कमी भरतो हे आधी बघायचं, अशी त्यांना सवय होती. निरोप समारंभात खात्याने त्यांच्याकडून कपाटाच्या किल्ल्या परत घेतल्या, ही सवय घ्यायची राहिली.

गाडी काकूंच्या नावावर होती. वीस वर्षांपूर्वी ज्या दिवशी कागद करायचे होते, त्या दिवशी काका एका पंपाला सील ठोकत होते, म्हणून काकू एकट्या गेल्या आणि सही करून आल्या. पुढे काकूंनी स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. काका चालवायचे, काकू डावीकडे बसायच्या. नऊ महिन्यांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर सहा महिने गाडी जागची हलली नाही.

तेवढ्या काळात लेकीने घर आवरलं. कपाटातल्या साड्या वाटल्या, उरलेली औषधं दवाखान्यात नेऊन दिली, चष्मा कुठल्याशा संस्थेला दिला. लेक चांगली आहे, फक्त ती आवरते. काका एक दिवस फिरायला जाऊन आले तर पलंगाची दिशा बदललेली होती. न आवरलेली एकच गोष्ट उरली, ती गाडी. तिच्या कप्प्यात काकूंचा रुमाल, कंगवा आणि उलटीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी तशीच होती. गाडी गेली की संपलं, हे काकांना कळत होतं. पण हे वाक्य तोंडाने बोलण्यापेक्षा त्यांनी कुणाशीही कशावरूनही भांडण पत्करलं असतं.

"बाबा, विकून टाका ना ती," लेक दर रविवारी म्हणायची.

"कुणाला?"

"कुणालाही."

"कुणालाही म्हणजे कुणाला? नाव सांग."

म्हणून सातव्या महिन्यात काकांनी बॅटरी बदलली, टायरमध्ये हवा भरली आणि गाडी चालती आहे हे जगाला दाखवायला बाहेर काढली. गाडी चालली. जरा जड चालली, पण वय झालं की सगळेच जड चालतात. आणि वास आला.

वासावरचा पहिला तज्ज्ञ तळमजल्यावरच राहत होता. हे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर. त्यांनी आयुष्यात कुठलंच वाहन चालवलं नव्हतं, त्यामुळे वाहनांबद्दलचं त्यांचं ज्ञान अनुभवाने बिघडलेलं नव्हतं. काकांना गाडीभोवती वाकून हुंगत फिरताना त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि चपला घालून बाहेरच आले.

"चला, एक चक्कर मारू. वास घेतल्याशिवाय मी मत देत नाही," मॅनेजर म्हणाले आणि पुढचं दार उघडू लागले.

"मागे बसा," काका म्हणाले.

"का हो?"

"पुढचा पट्टा अडकतो."

पट्टा अडकत नव्हता. पण त्या सीटवर काकू गेल्यापासून कुणी बसलेलं नव्हतं. लेकसुद्धा न सांगता मागे बसायची. मॅनेजर मागे बसले, दोन्ही काचा खाली केल्या, डोळे मिटले आणि नाक वर करून अख्खी चक्कर तसेच बसून राहिले. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल, काका कुणा आंधळ्या पाहुण्याला शहर दाखवतायत.

"प्लास्टिकची पिशवी," चक्कर संपल्यावर त्यांनी निकाल दिला. "रस्त्यावरची पिशवी उडून सायलेन्सरला चिकटली आहे आणि वितळते आहे. शंभर टक्के. खाली वाकून बघा, दिसेल."

खाली वाकून सायलेन्सर दिसत नाही, त्यासाठी खाली झोपावं लागतं. काकांनी जुनी चादर अंथरली, टॉर्च घेतला आणि पाठीवर सरकत छातीपर्यंत गाडीखाली गेले. मॅनेजर बाजूला उभे राहून मार्गदर्शन करत होते. आत पिशवी नव्हती. चिखल होता, गंज होता आणि एक लोखंडी पट्टी होती. तिच्यात काकांच्या स्वेटरची लोकर अडकली. मागे सरकलं की स्वेटर गळ्याशी यायचा, पुढे सरकलं की नाक इंजिनला लागायचं.

"डावीकडून या," मॅनेजर म्हणाले.

"कुणाच्या डावीकडून?"

"तुमच्या. नाही, माझ्या. थांबा, मी विचार करतो."

मॅनेजर विचार करत असताना तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅलरीतून खाली पाहिलं. त्यांना गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय आणि शेजारी मान खाली घालून उभे असलेले मॅनेजर दिसले. त्यांनी काकांच्या लेकीला फोन केला आणि सांगितलं, "तुझे बाबा गाडीखाली आलेत." माहिती अक्षरशः खरी होती.

लेक स्कूटरवरून पंधरा मिनिटांत पोचली. तोवर काका स्वेटर गाडीलाच अर्पण करून बनियनवर बाहेर आले होते. केसांत गंज, कपाळाला काळं. लेकीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. रडली असती तर काकांनी निभावून नेलं असतं. ती शांतपणे बोलली, त्याचं त्यांना भय वाटलं.

"बाबा, हिचे कागद पुढच्या महिन्यात संपतायत. पंधरा वर्षांवरची गाडी आहे, तपासणीला न्यावी लागणार. तुमच्या नावावर पण करावी लागणार. त्या तपासणीत गाडी पास झाली तर ठेवा. मी परत तोंड उघडणार नाही. नाही झाली, तर कागद संपल्यावरच्या सोमवारी भंगारवाला येईल. मी त्याच्याशी बोलून ठेवलंय."

"गाडी पास झाली तर ठेवायची," काका म्हणाले. "हे तुझे शब्द."

"हो. माझे शब्द."

काकांनी ते शब्द डोक्यात नोंदवून ठेवले. त्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने आधी शर्ट घातला असता.

मॅनेजरांचं दुसरं मत उंदरांचं होतं. इंजिनच्या उबेला उंदीर घरटं करतात, घरटं तापतं, वास येतो. उपाय, डांबरगोळ्या. काकांनी बॉनेटखाली मूठभर डांबरगोळ्या ठेवल्या. उंदीर नव्हतेच, त्यामुळे ते गेलेही नाहीत. मात्र आता गाडीत जळणाऱ्या लोकरी कपड्यांच्या कपाटात बसल्यासारखं वाटू लागलं. त्यानंतर काकांनी मॅनेजरांचा नमस्कार घेणं बंद केलं, आणि मॅनेजरांनी बिल्डिंगभर सांगितलं की काका मनाने खचलेत, त्यांना सांभाळून घ्या.

मग गॅरेज. गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण तो लांब पेचकसाचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. निदान झालं की तो गाडीकडे बघायचा नाही, मालकाकडे बघायचा, आणि तेही कीव आल्यासारखं. काका गेले तेव्हा त्याने आधी बॉनेट उघडलं आणि एक डांबरगोळी दोन बोटांत धरून वर केली.

"हे काय आहे, साहेब?"

"शेजाऱ्यांचं मत," काका म्हणाले.

डॉक्टर मागच्या सीटवर बसला. पुढे बसायला तो निघालाच होता, पण पट्टा अडकत होता. काकांनी गाडी गॅरेजपासून चौकापर्यंत आणि परत आणली. वास आला. डॉक्टरने काकांच्या उजव्या आणि डाव्या गुडघ्याकडे मागून वाकून पाहिलं, कारण पाऊल काही त्याला दिसत नव्हतं.

"क्लच," तो म्हणाला. "क्लचवर पाय ठेवून चालवता तुम्ही. प्लेट जळाली."

"मी क्लचवर पाय ठेवत नाही."

"सगळे असंच म्हणतात, साहेब."

चौतीस वर्षं हेच वाक्य काकांनी दुकानदारांना ऐकवलं होतं. ते ऐकून घ्यायला कसं वाटतं हे त्यांना आता कळलं, आणि त्यातून त्यांनी एवढाच धडा घेतला की डॉक्टर उर्मट आहे. चार दिवस गाडी गॅरेजात उघडी पडून होती. क्लचची प्लेट बदलली. जुनी प्लेट काकांनी मागून घेतली आणि पट्टीने मोजली. ती मुळीच झिजलेली नव्हती. "आतून झिजते," डॉक्टर म्हणाला. आतून झिजणारी प्लेट काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेली, पुरावा म्हणून.

गाडी परत देताना डॉक्टरने स्वतः चालवून दाखवली. वास नाही. काका मागे बसून हुंगत होते, खरंच नाही. मग काका घरी निघाले. दोन चौक ओलांडले आणि वास आला. काका उलटे फिरले. डॉक्टरने पुन्हा चालवली, वास नाही. काकांनी पुन्हा घरी न्यायला काढली, वास आला. तिसऱ्यांदा ते गॅरेजच्या दारात आले तेव्हा डॉक्टर दुसऱ्या गाडीखाली झोपला होता, तिथूनच बोलला.

"साहेब, राग मानू नका. वास गाडीला नाही. तुम्हाला येतो."

हे त्याने वर फोन करून लेकीलाही सांगितलं. तिचा नंबर त्याच्याकडे काकूंच्या काळापासून होता. खरं तर तिने काकांबरोबर गाडीत पुन्हा एकदा बसून पाहिलं असतं तर निकाल लागला असता. पण तज्ज्ञाने सांगितल्यावर स्वतः बसून कोण बघतं? लेकीने काकांना नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं.

हे खरे डॉक्टर, भिंतीवर चार पदव्या असलेले. त्यांनी आरशाने काकांच्या नाकात पाहिलं, मग खुर्ची जवळ ओढून आवाज हळू केला. आवाज हळू करणाऱ्या माणसांवर काकांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता.

"जवळचं माणूस गेल्यावर असं होतं कधी कधी. नसलेले वास येतात."

"मला जळकट वास येतो. माझी बायको जळकट नव्हती."

लेक खिडकीबाहेर बघू लागली. डॉक्टरांनी घाईने ट्रे पुढे ओढला. त्यात सहा लहान बाटल्या होत्या, डोळे मिटून ओळखायच्या. काकांनी ओळखल्या. लवंग, साबण, कॉफी, रॉकेल, संत्र्याची साल. सहावी त्यांनी उघडून बराच वेळ नाकाशी धरली.

"ही रिकामी आहे. नुसतं पाणी."

"शाब्बास. ती फसवायलाच ठेवलीय. नाक उत्तम आहे तुमचं."

"बाटलीवर दहा मिली लिहिलंय," काका म्हणाले. "आत आठसुद्धा नाही. कुठून घेता?"

नाक निर्दोष सुटलं, पण वास कायम राहिला आणि महिना संपत आला. काका आरटीओ कार्यालयात गेले. खिडकीपलीकडचा कारकून चहाच्या कपावर बशी झाकून बसला होता. चहा प्यायचा नव्हता, फक्त माणसांपासून वाचवायचा होता.

"मालकाची सही?"

"मालक माझी पत्नी. वारली."

"मग त्यांचं संमतिपत्र लागेल."

"वारली."

"वारल्याचा दाखला?" काकांनी दिला. कारकुनाने तो गाडीच्या पुस्तकाशेजारी ठेवला आणि त्याचा चेहरा उजळला. "इथे सौ. आहे. दाखल्यात श्रीमती आहे. दोन वेगळ्या बाया झाल्या."

"एकच होती."

"तसं लिहून आणा. शपथेवर. दोन साक्षीदार."

काकांना राग यायला हवा होता. पण अशी अचूक नजर त्यांनी खूप दिवसांनी पाहिली होती. त्यांनी शपथपत्र आणलं. मग त्यावरचा शिक्का अस्पष्ट निघाला, तो स्पष्ट करून आणला. मग फोटो पासपोर्टचा नको, लहान हवा होता. काकांनी जागेवर कात्रीने कापला आणि कापताना त्यांचा एक कान गेला. साक्षीदार म्हणून मॅनेजरांना बोलवावं लागलं आणि त्यांचा नमस्कार पुन्हा घ्यावा लागला. एवढा अपमान गिळल्यावर शेवटी तपासणीची तारीख मिळाली. शुक्रवार, सकाळी अकरा. भंगारवाल्याच्या सोमवारच्या अलीकडे तीन दिवस.

तपासणीचं मैदान कार्यालयाच्या मागे होतं. चुन्याच्या रेषा, चार जुने टायर, एक पत्र्याची शेड. लेक फाइल घेऊन शेडमध्ये उभी राहिली. निरीक्षक आल्या. लेकीच्याच वयाच्या असतील, केस घट्ट बांधलेले, पाटीला दोरीने बांधलेलं पेन. काकांनी त्यांना आपल्या पद्धतीने तोलायला सुरुवात केली. दिवे पाहिले, ठीक. हॉर्न, ठीक. धूर, ठीक. टायरची खोली मोजायला त्यांनी खिशातून मापक काढलं आणि काका पुढे वाकले.

"याची मुदत मागच्या वर्षी संपली."

निरीक्षकांनी मापक फिरवून शिक्का पाहिला. "खरंय. नवीन मागवलंय, आलं नाही. हे वापरू की नको?"

असा सरळ प्रश्न काकांना चौतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. "वापरा," ते म्हणाले. "पण शेऱ्यात लिहा."

त्यांनी लिहिलं. काका मनातल्या मनात हळहळले, ही मुलगी आमच्या खात्यात हवी होती.

"गाडी चांगली ठेवलीय," निरीक्षक म्हणाल्या. "आता नव्या मालकाने एक फेरी मारून दाखवायची. चला." आणि त्यांनी पुढचं डावं दार उघडलं.

"मागे बसा."

"का?"

"पट्टा अडकतो."

त्यांनी पट्टा ओढला. तो सरसर आला आणि खट्‌कन बसला. "कुठे अडकतो?"

काका आपल्या सीटवर बसले. त्यांनी इंजिन चालू केलं, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी कुरकुरली, मग निघाली. निरीक्षकांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि एकदा दोन सीटांच्या मधल्या जागेकडे. तिसऱ्या वळणावर वास आला.

"आला," काका म्हणाले. आवाजात विजय होता. सरकारी साक्षीदार मिळाला होता. "हाच तो. तीन महिने सांगतोय सगळ्यांना. शेजारी म्हणतो पिशवी. मग म्हणतो उंदीर. गॅरेजवाल्याने चांगली प्लेट काढून नवी बसवली, ती घरी आहे माझ्याकडे, दाखवतो. वर म्हणतो, वास तुम्हाला येतो. नाकाच्या डॉक्टरची बाटली अर्धी रिकामी. एकाला धड काम येत नाही. तुम्हाला येतोय ना वास?"

"येतोय. काका, गाडी थांबवा."

काकांनी थांबवली.

"हँडब्रेक ओढा."

काकांनी सवयीने हात नेला. "ओढलेला आहे," ते म्हणाले. जरा अभिमानानेच म्हणाले.

"कधी ओढलात?"

काकांनी हाताखाली पाहिलं. हात दांड्यावर होता. दांडा वर होता. आता या क्षणी त्यांनी तो ओढला नव्हता.

"घरून निघताना सोडला होता का?"

"सोडायचं काम माझं नाही," काका म्हणाले. कार्यालयात कुणी भलत्याच टेबलाचा कागद पुढे केला की म्हणत, तसं ते तोंडातून निघून गेलं.

"मग कुणाचं?"

"तिचं."

मैदानावर इंजिन नुसतंच चालू होतं. काकांनी ते बंद केलं.

काका गाडी शिकले ते एका शिकवणीच्या गाडीत. तिथला शिकवणारा डावीकडे बसायचा आणि निघताना दांडा स्वतःच खाली करायचा, कारण शिकणाऱ्यांना ते आठवत नसे. मग स्वतःची गाडी आली आणि शिकवणाऱ्याच्या जागी काकू बसल्या. पहिल्या दिवशी गाडी जागची हलेना, तेव्हा काकूंनी हात लांब करून दांडा खाली केला, आणि पुढे एकोणीस वर्षं तो त्याच करत राहिल्या. एका शब्दानेही बोलल्या नाहीत. काकांनी गाडी चालू करायची आणि ती सुटायची. आता ती सुटत नव्हती, तर काका इंजिनचा जोर वाढवून तिला ओढत नेत होते. मागची चाकं ब्रेकमध्ये घासत, तापत, जळत येत होती. हँडब्रेक ओढलेला असल्याचं दाखवणारा लाल दिवा कधीच गेला होता, आणि तो गेल्याचं काकूंनी काकांना सांगितलं नव्हतं, कारण त्यांना तो लागत नव्हता. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे, दर वेळी गाडी उभी केली की काका दांड्याला हात लावून बघायचे, तो ओढलेलाच असायचा, आणि आपल्या शिस्तीचं त्यांना समाधान वाटायचं.

निरीक्षकांनी पाटीवरचं पेन उचललं. "जाऊ द्या काका. गाडी उत्तम आहे. हे लक्षात ठेवा फक्त. मी दोन्हीकडे पास लिहिते."

"दोन्हीकडे म्हणजे?"

"दोन रकाने आहेत. वाहन आणि चालक."

काकांनी शेडकडे पाहिलं. लेक फाइल छातीशी धरून उभी होती. नुसतं गप्प बसायचं होतं, बस. कुणाला कळलं नसतं. ज्यांना काकांनी आयुष्यभर तुच्छ मानलं ते सगळे दुकानदार अशाच वेळी गप्प बसायचे.

"चालक नापास लिहा," काका म्हणाले.

"अहो, कशाला?"

"दांडा वर ठेवून मी गावभर गाडी हाकलली तीन महिने. उतारावर ब्रेक गेला असता म्हणजे? चौतीस वर्षांत मी एकालाही जाऊ द्या म्हटलं नाही. तुम्ही मला म्हणू नका."

"मग पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. पंधरा दिवसांनी. आणि आता इथून चालवत नेता येणार नाही."

"नियम आहे ना? मग लिहा. कारणासकट."

त्यांनी लिहिलं. कागद घेऊन काका शेडमध्ये गेले आणि तो लेकीच्या हातात देऊन दुसरीकडे बघत उभे राहिले. लेकीने वाचलं. वाहन, पात्र. चालक, अपात्र. कारण, हँडब्रेक न सोडता वाहन चालवणे. तिने पुन्हा वाचलं.

"म्हणजे वास..."

"हो."

"आणि आई रोज..."

"रोज."

"आणि तुम्हाला एकदाही कळलं नाही?"

"गाडी सुटायची," काका म्हणाले. "मला वाटायचं, मी चालवतोय."

लेक खाली टायरवर बसली आणि हसायला लागली. खूप वेळ हसली. नऊ महिन्यांत काकांनी तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि आपल्या अपमानावर एवढं हसणं शोभत नाही हे सांगणं त्यांनी पुढे ढकललं. मग हसता हसता ती रडली, आणि काकांनी तिला आपला रुमाल दिला. गंजाचा डाग असलेला रुमाल तिने नाक मुरडून परत केला.

"शब्द तुझे आहेत," काका म्हणाले. "गाडी पास झाली तर ठेवायची. गाडी पास झाली आहे. चालकाबद्दल तू काही म्हटलं नव्हतंस."

"तुम्ही ना," लेक म्हणाली. तिने फोन काढला, भंगारवाल्याला येऊ नका म्हणून सांगितलं आणि काकांकडे वळली. "ठेवा गाडी. पण शिकवणी लावायची. पहिल्या धड्यापासून."

"या वयात?"

"पहिल्या धड्यापासून, बाबा."

गाडी घरी न्यायला कुणीतरी हवं होतं. लेकीला चारचाकी येत नव्हती. गॅरेजच्या डॉक्टरला बोलवावं लागलं. तो आला, कारण ऐकलं आणि काकांकडे न बघता बराच वेळ टायरकडे बघत राहिला. त्याच्या क्लचच्या निदानाचं काय झालं, हे विचारण्याची काकांना फार इच्छा होती. पण आज त्यांची बाजू लंगडी होती. त्याने हत्याराचं खोकं मागच्या सीटवर टाकलं, लेक सवयीने उरलेल्या जागेत बसली, आणि काकांना पुढे डावीकडे बसण्यावाचून मार्ग उरला नाही.

ते बसले. या बाजूने त्यांनी स्वतःची गाडी कधी पाहिली नव्हती. सगळं उलटं आणि फार जवळ दिसत होतं. पाय ठेवायला त्यांनी खाली पाहिलं. काकूंच्या बाजूच्या रबरी मॅटला भोक पडलं होतं. मॅट बाकी सगळीकडे चांगली होती. ते एकच भोक, बशीएवढं, उजव्या पायासमोर. घासून घासून रबर गेलं होतं आणि खालचा पत्रा चमकत होता.

"हे काय झालं?" काका म्हणाले.

लेक मागून वाकली. "ते आईचं. तुम्ही चालवायला लागलात की ती ब्रेक दाबायची. मी लहानपणापासून बघतेय."

"तिथे ब्रेक नाही."

"ते तिला माहीत होतं, बाबा."

डॉक्टरने दांडा खाली केला आणि गाडी सुटली, हलकी, वासाशिवाय. कार्यालयाच्या फाटकातून बाहेर पडताच त्याने वेग घेतला. "साहेब, ही मॅट खराब झालीय," तो म्हणाला. "माझ्याकडे नवी आहे, उद्या टाकून देतो."

"मॅटला हात लावायचा नाही," काका म्हणाले. "पुढे बघून चालवा."

डॉक्टर पुढे बघत नव्हता. तो मॅटची किंमत कमी करून सांगत होता. चौकात उजवीकडून बस आली. काकांचा उजवा पाय आपण होऊन त्या भोकात गेला, आणि बस जाईपर्यंत त्यांनी तो सगळ्या ताकदीने दाबून धरला.